'पिक अप मी' आणि 'डिस्कस अबाउट इट': इंग्रजी क्रियापदाशेजारी वारंवार होणारा एक बिघाड

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांची पत्रे, अर्ज आणि अहवाल तपासून देण्याचे काम मी गेली बरीच वर्षे करत आले आहे. लिहिणारे बदलतात, विषय बदलतात, पण लाल शाई पडते ती बहुतेक वेळा एकाच जागी. काळ बरोबर असतो, स्पेलिंग आता संगणकच सांभाळतो; चुकते ते क्रियापदाच्या अवतीभवती वावरणाऱ्या 'अप', 'ऑफ', 'टू', 'अबाउट' यांसारख्या शब्दांचे आणि त्यांच्या सोबतीला येणाऱ्या 'इट', 'हिम', 'देम' या सर्वनामांचे नाते. ही अडचण एकट्या मराठी माणसाची नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदापुढे एखादा छोटा शब्द लावून त्याचा अर्थ पालटण्याची इंग्रजीची रीत परकीयांना सर्वांत जास्त अडचणीत टाकते, असे नमूद करून ठेवले आहे. आपल्याकडे हा बिघाड ज्या ठरावीक वाटांनी शिरतो, त्या वाटा मात्र मराठीच्या घडणीतून निघालेल्या आहेत, आणि म्हणून त्याचा शोधही मराठीच्या आधारानेच लवकर लागतो.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे जादा शब्द. 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट', 'आय रिक्वेस्ट टू यू', 'ही एंटर्ड इनटू द ऑफिस', 'प्लीज कॉन्टॅक्ट टू मी' ही वाक्ये माझ्या टेबलावर जवळजवळ रोज येतात. दुसरे लक्षण याच्या अगदी उलट, म्हणजे हवा तो शब्द गळालेला: 'लिसन मी', 'आय ॲम वेटिंग यू', 'गिव्ह हिम अ चेअर टू सिट'. तिसऱ्या लक्षणात शब्द सगळे असतात पण सर्वनाम चुकीच्या जागी बसलेले असते: 'प्लीज पिक अप मी फ्रॉम द स्टेशन', 'आय विल कॉल बॅक यू', किंवा ही चूक कोणीतरी एकदा दाखवून दिल्यानंतर धास्तीने केलेली 'लुक इट आफ्टर' ही उलटी चूक. यांखेरीज 'बिटवीन यू अँड आय' आणि 'प्लीज रिप्लाय टू मायसेल्फ' यांसारखी सर्वनामाच्या रूपाची लक्षणे आहेत, 'एक्सप्लेन मी द प्रोसिजर' आहे, आणि पत्राच्या शेवटी हटकून येणारे 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' आहेच.

यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी खालच्या तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात. पहिल्या दोन तपासण्यांना कान आणि अर्धा मिनिट पुरतो. पुढच्यांना शब्दकोश लागतो.

पहिली तपासणी: सर्वनामाचे रूप

शब्दयोगी अव्ययानंतर आणि क्रियापदाच्या कर्मस्थानी इंग्रजीत 'मी', 'हिम', 'हर', 'अस', 'देम' हीच रूपे येतात. (योगायोग असा की इंग्रजीतला 'मी' कर्माच्या जागी बसतो आणि आपला मी कर्त्याच्या, लहान मुलांना शिकवताना यावरून बरीच गंमत होते.) एकट्या सर्वनामाच्या बाबतीत ही चूक सहसा कोणी करत नाही, 'फॉर आय' असे कुणी लिहीत नाही. चूक होते ती जोडीदार आल्यावर, कारण 'माय वाइफ अँड आय' हा शब्दसमूह सभ्य आणि म्हणून सर्वत्र चालणारा आहे अशी समजूत शाळेपासून झालेली असते. तपासणी सोपी आहे: जोडीदाराला क्षणभर वाक्याबाहेर काढावे. 'द टिकेट्स आर फॉर माय वाइफ अँड आय' या वाक्यातून पत्नीला वगळले की 'फॉर आय' उरते आणि कान लगेच तक्रार करतो.

'मायसेल्फ' हा शब्द नम्रतेचे रूप नव्हे. करणारा आणि ज्याच्यावर क्रिया होते तो एकच असेल तेव्हा तो येतो, जसे 'आय हर्ट मायसेल्फ', किंवा जोर देण्यासाठी येतो. 'रिप्लाय टू मायसेल्फ' येथे उत्तर देणारा वेगळा आहे, म्हणून तेथे 'मी' हवा. याच पठडीतली एक उलटी चूक 'एन्जॉय'ची आहे. 'आम्ही खूप मजा केली' या वाक्यात मराठीला आणखी कशाची गरज भासत नाही, पण इंग्रजी 'एन्जॉय' कर्माशिवाय अपुरे राहते, त्यामुळे 'वी एन्जॉइड अ लॉट' ऐवजी 'वी एन्जॉइड अवरसेल्व्हज' किंवा 'वी एन्जॉइड इट' असे लिहावे.

दुसरी तपासणी: जादा शब्द नामाकडून उसना आला आहे का

'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही, हे वाक्य प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेले असते, आणि तरीही तो येतो. नुसते पाठ करून हा बिघाड जात नाही, कारण तो विसरण्यातून होत नसून रचनेतून होतो. मराठीत आपण 'चर्चतो' असे म्हणत नाही. आपण चर्चा करतो, विनंती करतो, प्रवेश करतो, भर देतो, संपर्क साधतो. या प्रत्येक क्रियापदाच्या पोटात एक नाम बसलेले आहे आणि 'बद्दल', 'मध्ये', 'वर', 'शी' हे जोडशब्द त्या नामाच्या ओढीने येतात. इंग्रजीतही नामाला ते लागतातच: 'अ डिस्कशन अबाउट द बजेट', 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'एंट्री इनटू द हॉल', 'एम्फसिस ऑन क्वालिटी', 'कॉन्टॅक्ट विथ द क्लायंट'. याच शब्दांची क्रियापदे मात्र कर्माला थेट हात घालतात: 'डिस्कस इट', 'रिक्वेस्ट इट', 'एंटर इट', 'एम्फसाइझ इट', 'कॉन्टॅक्ट हिम'.

म्हणून शंका आली की एवढेच विचारावे, की माझ्या वाक्यातला हा इंग्रजी शब्द नाम आहे की क्रियापद. नाम असेल तर जोडशब्द राहू द्यावा; क्रियापद असेल तर तो काढून वाक्य पुन्हा वाचावे. ही तपासणी सगळ्या क्रियापदांना लागू नाही, पण कचेरीतल्या पत्रव्यवहारातले जादा 'अबाउट', 'टू' आणि 'ऑन' तिच्यामुळे बहुतेक निघून जातात. जवळच्या अर्थाच्या दोन क्रियापदांची वागणूक निराळी असते, हेही ध्यानात ठेवावे लागते: 'आन्सर द लेटर' पण 'रिप्लाय टू द लेटर', 'रीच द स्टेशन' पण 'अराइव्ह ॲट द स्टेशन'.

लग्नाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, म्हणून 'मॅरिड विथ' हे बोटांतून आपोआप उतरते. इंग्रजीत 'शी मॅरीड हिम' येथे मध्ये काहीच नाही, आणि अवस्था सांगायची असेल तर 'शी इज मॅरिड टू हिम' असे म्हणायचे. 'विथ' वापरायचा झालाच तर 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन' असा, आणि त्याचा अर्थ विवाहित असून दोन मुले आहेत असा होतो.

जादा शब्दाचा आणखी एक प्रकार म्हणजे अर्थाची पुनरुक्ती. 'रिटर्न'मध्येच परत येणे आहे, म्हणून 'रिटर्न बॅक' नको. 'कोप अप विथ' हे तर 'कोप विथ' आणि 'पुट अप विथ' यांचे कलम झालेले झाड आहे. त्यातला 'अप' छाटला की काम होते.

गळालेल्या शब्दाचे कारण याच ठिकाणी सापडते. 'माझे ऐक', 'माझी वाट पाहा' या वाक्यांत मराठी षष्ठी वापरते, आणि त्या 'झे'ला किंवा 'झी'ला इंग्रजीत समोरासमोर ठेवण्याजोगा छोटा शब्द नाही, म्हणून लिहिणारा तो सोडूनच देतो. 'लिसन' आणि 'वेट' ही क्रियापदे कर्मापर्यंत स्वतःहून पोहोचत नाहीत. एकाला 'टू' आणि दुसऱ्याला 'फॉर' लागतो.

तिसरी तपासणी: छोटा शब्द कोणाचा आहे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण बाकीचे बरेच बिघाड याच गाठीपाशी येऊन थांबतात.

शाळेतल्या मराठी व्याकरणात एक उदाहरण असे. 'तो वर गेला' यातला 'वर' क्रियाविशेषण अव्यय आहे, तर 'तो झाडावर गेला' यातला 'वर' शब्दयोगी अव्यय. शब्द एकच, पण पहिला क्रियापदाचा आणि दुसरा नामाचा. मराठी हा फरक लिखाणातच दाखवते: नामाचा असेल तर नामाचे सामान्यरूप करून त्याला चिकटवते आणि क्रियापदाचा असेल तर सुटा ठेवते. इंग्रजीतही हेच दोन प्रकार आहेत, पण तेथे दोन्ही सुटेच लिहिले जातात. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'लुक ॲट द लाइट' ही वाक्ये कागदावर सारखीच दिसतात, पण 'ऑफ' हा 'टर्न'चा आहे आणि 'ॲट' हा 'लाइट'चा. दिसण्यावरून हे कळत नाही. कळते ते नामाच्या जागी सर्वनाम ठेवल्यावर. वायरमनच्या खिशात जसा टेस्टर असतो, तसा या कामात 'इट' हा शब्द असतो.

छोटा शब्द क्रियापदाचा असेल तर सर्वनाम मध्ये बसते: 'टर्न इट ऑफ', 'पिक मी अप', 'कॉल यू बॅक', 'राइट इट डाउन', 'थ्रो देम अवे'. छोटा शब्द नामाचा असेल तर सर्वनाम त्याच्या पाठोपाठ येते: 'लुक ॲट इट', 'लुक आफ्टर हिम', 'वेट फॉर अस', 'डील विथ देम'. पहिल्या प्रकारात पूर्ण नाम मात्र दोन्ही बाजूंना चालते, म्हणजे 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, आणि गोंधळाचे मूळ नेमके हेच आहे, कारण नामाची सवय सर्वनामाला लावली की 'टर्न ऑफ इट' तयार होते.

सर्वनामाला शेवटची जागा का नाकारली जाते, याचेही कारण आहे. इंग्रजी वाक्यात नवी माहिती साधारणपणे शेवटाकडे येते आणि जोरही तेथे पडतो. 'इट' म्हणजे तर आधीच माहीत असलेली वस्तू. घरच्या माणसाला पाहुण्याच्या पाटावर बसवावे तसे ते दिसते. म्हणून ते आत सरकते आणि शेवटचा जोर 'ऑफ'वर जातो. हीच गोष्ट कानानेही तपासता येते: 'टर्न इट ऑफ' मोठ्याने म्हटले तर 'ऑफ' ठसठशीत ऐकू येतो, पण 'लुक ॲट इट' म्हणताना जोर 'लुक'वर असतो आणि 'ॲट' जवळजवळ गिळला जातो.

'पिक अप मी' हीच चूक इतकी चिवट का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझ्या मते दोष आपल्या उसनवारीच्या पद्धतीत आहे. मराठीने हे शब्द इंग्रजीतून घेताना त्यांचे आधी नाम केले आणि मग त्याला 'करणे' किंवा 'घेणे' जोडले: पिकअप करणे, लॉगइन करणे, बॅकअप घेणे, सेटअप करणे. 'मला पिकअप कर' असे दिवसातून चार वेळा म्हणणाऱ्याच्या मनात 'पिकअप' हा एकसंध दगड झालेला असतो आणि इंग्रजी लिहिताना त्या दगडात 'मी' कोठे खुपसायचा हे त्याला सुचत नाही. इंग्रजीत नाम म्हणून 'पिकअप', 'बॅकअप', 'सेटअप' हे शब्द जोडूनच लिहितात, पण क्रियापद झाले की ते फुटतात: 'पिक मी अप', 'बॅक इट अप', 'सेट इट अप'. म्हणून मी शिकणाऱ्यांना असे दहा-बारा शब्द वहीत नामाच्या रूपात न लिहिता मध्ये 'इट' घालूनच लिहायला सांगते, म्हणजे जोड पहिल्यापासून सैल राहतो.

शब्दकोश हाताशी नसेल तर मराठीवरून एक अंदाज बांधता येतो. मराठी वाक्यात 'टाकणे', 'देणे', 'घेणे', 'ठेवणे', 'नेणे' यांसारखे दुसरे क्रियापद अर्थाला शेवटचा हात देत असेल, तर इंग्रजीतला छोटा शब्द बहुधा क्रियापदाचा असतो आणि सर्वनाम मध्ये जाते: ते फेकून दे म्हणजे 'थ्रो इट अवे', ते लिहून घे म्हणजे 'राइट इट डाउन', ते संपवून टाक म्हणजे 'फिनिश इट ऑफ'. उलट मराठीत 'त्याच्याकडे', 'त्याची', 'त्यावर', 'त्याच्याशी' अशी रूपे येत असतील, तर सर्वनाम बहुधा शेवटी जाते: त्याच्याकडे बघ म्हणजे 'लुक ॲट हिम', त्याची काळजी घे म्हणजे 'लुक आफ्टर हिम', त्यावर अवलंबून राहा म्हणजे 'डिपेंड ऑन इट'. त्याच्याशी जुळवून घे, या वाक्यात दोन्ही खुणा आहेत आणि इंग्रजीतही 'गेट अलाँग विथ हिम' असे दोन छोटे शब्द येतात. अशा तिहेरी रचनेत सर्वनाम शेवटीच राहते, जसे 'पुट अप विथ इट', 'रन आउट ऑफ देम'.

हा अंदाज आहे, नियम नव्हे. तो कोठे फसतो तेही सांगते. 'ला' प्रत्यय दोन्हीकडे सापडतो: त्याला उठव म्हणजे 'वेक हिम अप', पण त्याला शोध म्हणजे 'लुक फॉर हिम' आणि त्याला हसू नकोस म्हणजे 'डोन्ट लाफ ॲट हिम'. जेथे 'ला' आहे तेथे शब्दकोश उघडावा. चांगल्या शब्दकोशात 'टर्न समथिंग ऑफ' आणि 'लुक आफ्टर समबडी' अशी नोंद असते, म्हणजे 'समथिंग' जेथे छापलेले असते तीच सर्वनामाची जागा. काही कोशांत मध्ये दुतोंडी बाण असतो, आणि त्याचा अर्थ नाम दोन्हीकडे चालते एवढाच घ्यायचा, सर्वनाम नाही.

एकाच शब्दाच्या दोन भूमिका असतील तर हा टेस्टर अर्थही सांगतो. 'ही रॅन अप द हिल' येथे तो टेकडीवर धावत गेला, म्हणून 'ही रॅन अप इट'. 'ही रॅन अप द बिल' येथे त्याने बिल वाढवून ठेवले, म्हणून 'ही रॅन इट अप'. 'आय सॉ थ्रू हिम' म्हणजे मी त्याचे ढोंग ओळखले, आणि 'आय सॉ हिम थ्रू' म्हणजे अडचणीच्या काळात मी त्याला निभावून नेले. एका मुलाने आपल्या शिक्षकांविषयी आपुलकीने लिहिलेल्या पत्रात यांतले दुसरे वाक्य लिहायचे होते आणि पहिले लिहिले गेले होते. संगणकातील तपासनीसाने त्याखाली एकही रेघ ओढली नव्हती, कारण व्याकरणात चूक नव्हतीच.

चौथी तपासणी: हा 'टू' कोणता

इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो, जसे 'आय वॉन्ट टू गो'. दुसरा शब्दयोगी आहे, जसे 'आय वेंट टू पुणे'. टेस्टर येथेही तोच. 'टू'नंतर 'इट' ठेवून वाक्य उभे राहते का ते पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' हे वाक्य उभे राहते, म्हणजे हा 'टू' शब्दयोगी आहे, आणि त्याच्यापुढे क्रियापद आणायचे तर ते नामासारखे करून 'मीटिंग यू' असेच आणावे लागते. 'आय वॉन्ट टू इट' हे उभे राहत नाही, म्हणून तेथे 'टू मीट यू'. याच रीतीने 'आय ॲम यूज्ड टू इट' म्हणजे मला त्याची सवय आहे, म्हणून 'आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग'. पण 'आय यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे मी पूर्वी गाडी चालवत असे.

पाचवी तपासणी: दोन कर्मे

'मला सांग', 'मला दे', 'मला समजावून सांग', 'मला सुचव' या सर्वांना मराठीत एकच 'ला' पुरतो. इंग्रजीत 'टेल मी', 'गिव्ह मी', 'सेंड मी', 'शो मी' चालते, पण 'एक्सप्लेन मी', 'सजेस्ट मी', 'डिस्क्राइब मी' चालत नाही. ढोबळ मानाने, इंग्रजीची जुनी घरची आखूड क्रियापदे दोन कर्मे शेजारी शेजारी घेतात, आणि लॅटिन किंवा फ्रेंचमार्फत आलेल्या लांब क्रियापदांना व्यक्तीआधी 'टू' लागतो: 'एक्सप्लेन इट टू मी', 'सजेस्ट अ नेम टू अस'. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' हे दोघे बाहेरून आलेले असूनही घरच्यांसारखे वागतात, आणि 'से' घरचा असूनही 'टू' मागतो, त्यामुळे या ढोबळ नियमावर विसंबून परीक्षेला बसू नये. वस्तूच सर्वनाम झाली असेल तर तिला आधी ठेवून 'गिव्ह इट टू मी' असे लिहिणे सर्वत्र बिनधोक आहे.

सहावी तपासणी: वाक्याच्या शेवटी सुटलेला शब्द

'बसायला खुर्ची', 'लिहायला पेन', 'मी राहतो ते घर' या रचनांत मराठी शब्दयोगी अव्यय सरळ गाळते आणि अर्थाला काही बाधा येत नाही. इंग्रजी ते गाळू देत नाही, म्हणून 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ पेन टू राइट विथ', 'द हाऊस आय लिव्ह इन'. तपासण्यासाठी वाक्याचा तुकडा उलगडून सरळ करावा: मी घर राहतो की घरात राहतो? घरात, म्हणजे 'इन' कोठेतरी दिसलाच पाहिजे.

असा शब्द शेवटी लोंबकळत ठेवणे अशुद्ध आहे अशी भीती जुन्या शिक्षकांनी घातलेली असते. ती भीती बरीच जुनी आहे. जॉन ड्रायडन या कवीने 1672 साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातील अशा वाक्यशेवटांना दोष दिला होता. बोलण्यात आणि साध्या पत्रात 'व्हॉट आर यू वेटिंग फॉर' हेच स्वाभाविक आहे. फार औपचारिक मजकुरात 'द हाऊस इन विच आय लिव्ह' लिहावे, पण दोन्ही जोडून 'द हाऊस इन विच आय लिव्ह इन' करू नये. आपली 'जो–तो' पद्धत येथे आणखी एक खोडी करते: 'द मॅन हूम आय मेट हिम' या वाक्यातला 'हिम' हा मराठीतल्या 'त्याला'चे भूत आहे आणि तो काढूनच टाकायचा असतो. कर्मणी प्रयोगातही शेवटचा शब्द सोडता येत नाही. 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इनटू' हे कानाला कितीही अर्धवट वाटले तरी पूर्ण वाक्य आहे.

दुरुस्ती जमत नसेल तर

सहा तपासण्यांनंतरही शंका उरली, तर क्रियापदच बदलावे. 'पुट इट ऑफ' की 'पुट ऑफ इट' हे ठरत नसेल तर 'पोस्टपोन इट' लिहून मोकळे व्हावे; 'पुट अप विथ'साठी 'टॉलरेट' आहे. सगळे पत्र अशा एकेरी शब्दांनी भरले तर ते शासकीय परिपत्रकासारखे कोरडे होते हे खरे, पण एखाद्या वाक्यापुरता हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. तसेच देशाप्रमाणे बदलणारे प्रयोग सोडून द्यावेत: अर्ज भरण्याला ब्रिटनमध्ये 'फिल इन' आणि अमेरिकेत 'फिल आउट' म्हणतात, तर आपल्याकडचा 'फिल अप' दोन्हीकडे थोडा खटकतो. 'पास आउट'विषयी मात्र सावध राहावे. आपल्याकडे मूल महाविद्यालयातून 'पास आउट' होते. परदेशातील वाचकाला, सैनिकी प्रशिक्षणाचा संदर्भ नसेल तर, ते बेशुद्ध पडल्यासारखे वाटते. त्याऐवजी 'ग्रॅज्युएटेड इन 2019' लिहावे.

कोठे थांबावे

करारनामा, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, न्यायालयात दाखल करायचा मजकूर आणि औषध देण्याच्या सूचना यांना या तपासण्या लावून स्वतः हात घालू नये. तेथे याच छोट्या शब्दांना कायद्याने किंवा व्यवसायाने ठरवून दिलेले अर्थ असतात. 'सेट असाइड' म्हणजे रोजच्या भाषेत बाजूला ठेवणे, न्यायालयाच्या भाषेत आदेश रद्द करणे. 'सेट ऑफ' म्हणजे एरवी प्रवासाला निघणे आणि हिशेबात परस्पर देण्यांची वजावट. 'देअरअंडर', 'देअरऑन', 'हिअरबाय' हे शब्द पाहून तर बरेच जण घाबरतात. खरे पाहता 'देअरऑन' म्हणजे 'ऑन इट', आणि त्याची बांधणी हुबेहूब आपल्या 'त्यावर'सारखी आहे. इंग्रजीची ही जुनी पद्धत रोजच्या बोलण्यातून गेली आणि दस्तऐवजांत टिकून राहिली. बांधणी ओळखीची निघाली तरी 'देअर' म्हणजे नेमके कोणते कलम, हे ठरवणे वकिलाचे काम आहे, भाषा तपासणाऱ्याचेही नव्हे.

एकाच परिच्छेदात चार-पाच ठिकाणी अडखळायला झाले, किंवा दुरुस्तीनंतर वाक्य शुद्ध झाले पण आपल्याला म्हणायचे होते ते त्यात उरले आहे की नाही याची खात्री वाटेना, तरीही थांबावे आणि मजकूर जाणकाराकडे द्यावा. देताना केवळ इंग्रजी मसुदा देऊ नये; त्या वाक्यांत मुळात काय म्हणायचे होते ते मराठीत दोन ओळींत लिहून सोबत जोडावे. 'सॉ थ्रू हिम' लिहिलेल्या त्या पत्राबरोबर मराठी चिठ्ठी होती, म्हणून मला एक शब्द पुढचा मागे करून भागले; ती नसती तर तो मुलगा शिक्षकांवर रागावलेला आहे असे समजून मी पत्र तसेच परत केले असते.